सरळ काकांच्या हातात

भोळीला खरं नाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं. घरात आणि गल्लीत तिला आधी सगळे विसरभोळी म्हणायचे. एवढं लांबलचक नाव उठता-बसता हाक मारायला कुणाला परवडणार? मग त्यातलं 'विसर' गळून पडलं आणि 'भोळी' तेवढी उरली. पोरीच्या नावातलं विसरणंसुद्धा लोक विसरून गेले, असं तिची आई म्हणायची.

विसरणं मात्र जागच्या जागी होतं. मीठ आणायला पाठवलेली भोळी दुकानापर्यंत जायची, दुकानदाराशी गप्पा मारायची, त्याच्या मांजरीला कुरवाळायची आणि रिकाम्या हातांनी परत यायची. एकदा ती एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात मैत्रिणीची चप्पल घालून शाळेत गेली होती, आणि आज आपण लंगडतोय का, याचाच दिवसभर विचार करत बसली होती. लोक हसायचे, तीही हसायची. अजून लहान आहे, येईल हळूहळू डोकं ठिकाणावर, असं सगळेच धरून चालले होते.

तिचे बाबा जुन्या पितळी वस्तू दुरुस्त करायचे. दिवे, कड्या, नळ, दाराच्या मुठी. लोकांनी काळ्या पडलेल्या आणायच्या आणि सोन्यासारख्या करून परत न्यायच्या. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत घर. त्या दिवशी सकाळीच आई-बाबांचं वाजलं होतं. कारण तसं क्षुल्लक. स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि गळून गळून त्याने मोरीला हिरवी रेघ पाडली होती.

"जगाचे नळ दुरुस्त करता, आणि घरच्या नळाला मुहूर्त लागत नाही," आई म्हणाली.

"जगाचे नळ दुरुस्त करतो म्हणून घर चालतं," बाबा म्हणाले.

शब्दाला शब्द वाढला. शेवटी बाबा नको ते बोलून गेले. डबा ओट्यावर तसाच ठेवून आई कामाला निघून गेली. ती शिवणखात्यात गणवेशांच्या कॉलरी शिवायची. बाबा सकाळभर कानस घासत राहिले, पण लक्ष ठिकाणावर नव्हतं. ओट्यावरच्या डब्याकडे ते दोनदा बघून गेले.

दुपारी काकांचा फोन आला. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ते दारावर लावायच्या पितळी पाट्या करायचे. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, मेणात अक्षरं कोरायची आणि वरून ॲसिड ओतायचं. मेण नाही तिथलं पितळ ॲसिड खातं आणि नाव कायमचं उमटतं. गेल्या आठवड्यात एक पाटी ठोकताना ते शिडीवरून पडले होते आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून दुकानात बसून होते. ॲसिड संपलं होतं आणि पाटी संध्याकाळपर्यंत द्यायची होती.

बाबांसमोर एक गिऱ्हाईक दिव्यासाठी खोळंबून बसलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खिडकीत सरबताची एक रिकामी बाटली धुऊन ठेवलेली होती. बाटलीवरच्या कागदावर दोन पिवळीधमक लिंबं आणि हिरवं पान. बाबांनी मोठ्या बरणीतलं, पाणी घालून ठेवलेलं ॲसिड त्या बाटलीत अर्ध्यापर्यंत ओतलं आणि बूच घट्ट पिळलं. फिकट पिवळा रंग. बाटलीत अजून सरबतच आहे, असं वाटावं इतका बेमालूम.

"भोळे, इकडे ये. हे काय आहे?"

"सरबत."

"नाही! ॲसिड आहे. पितळ खातं. बोट घातलंस तर बोट खाईल. पडायचं नाही, पाडायचं नाही. कुठे ठेवायचं नाही. सरळ काकांच्या हातात. काय?"

"सरळ काकांच्या हातात."

"जप करत जा," बाबा म्हणाले आणि दिव्याकडे वळले.

भोळीने खरंच जप केला. बाटली छातीशी धरून ती "सरळ काकांच्या हातात, सरळ काकांच्या हातात" म्हणत निघाली. सार्वजनिक नळापाशी तिला पिपाणी भेटली. पिपाणी म्हणजे न्हाव्याची मुलगी. हळू बोलायचं ठरवलं तरी चौकापर्यंत ऐकू जायचं. पुढे मैदानाच्या कठड्यावर काडेपेटी बसला होता. तो पावभट्टीवाल्याचा मुलगा. रागाने कधी भडकेल याचा नेम नाही, म्हणून काडेपेटी. दोघेही भोळीच्या वर्गातले आणि तिघांचं गूळपीठ होतं.

"सायकलवाल्या मामाच्या कुत्रीला पिल्लं झालीत," काडेपेटी म्हणाला. "डोळे उघडलेत आज."

झालं. डोळे उघडलेली पिल्लं म्हटल्यावर कुणाचे पाय थांबतील? तिघं धावतच सायकलच्या दुकानापाशी गेली. जिन्याखाली खोक्यात पाच गोळे वळवळत होते. एक भोळीच्या बोटाला चोखू लागलं. बराच वेळ गेला. मग आपल्याला काकांकडे जायचं होतं हे तिला आठवलं. ती उठली, दोघांना "येते गं, येते रे" म्हणाली आणि सुटली. पुन्हा जप सुरू झाला. सरळ काकांच्या हातात. सरळ काकांच्या हातात.

काकांच्या दुकानात मेणाचा वास भरला होता. काका खुर्चीत बसले होते, प्लास्टरचा पाय स्टुलावर.

"काका, आले मी!"

"आलीस? शहाणी गं माझी. आण." काकांनी हात पुढे केला.

भोळीनेही हात पुढे केला. हात रिकामा होता.

तिने दुसरा हात पाहिला. तोही रिकामा. मग तिने मागे वळून दाराकडे पाहिलं, जणू बाटली तिच्यामागून चालत येत होती आणि थोडी मागे राहिली होती.

"बाटली कुठाय?" काकांनी विचारलं. ते अजून हसत होते. "विसरलीस होय घरी?"

"नाही... मी आणली होती. हातात होती."

"कशात दिलं होतं बाबांनी?"

"सरबताच्या बाटलीत. लिंबाचं चित्र असतं ना, त्या."

काकांचं हसू एकदम मावळलं. ते उठायला गेले, प्लास्टरचा पाय स्टुलावरून धाडकन खाली आला आणि ते कळवळून परत बसले. भोळीला वाटलं, आता ओरडतील. पण ते ओरडले नाहीत. ते अगदी हळू आवाजात बोलले.

"भोळे, नीट ऐक. एवढं ऊन आहे. रस्त्यात कुणालाही ती बाटली दिसली, तर तो सरबत समजून तोंडाला लावेल. आतून भाजून निघेल गं तो. माणूस जाईल. कळलं? कुठे ठेवलीस, आठव."

भोळीने आठवायचा प्रयत्न केला. पण डोक्यात नुसता तो जप घुमत होता. बाटली काही दिसेना. ती छातीशी होती, आणि मग नव्हती. मधलं सगळं पुसून टाकल्यासारखं कोरं.

"नाही आठवत, काका."

"मग पळ. ज्या रस्त्याने आलीस त्या रस्त्याने पळ. मी तुझ्या बापाला फोन लावतो."

ती पळत सुटली तेव्हा मागे फोनची रिंग ऐकू येत होती. तिकडे बाबांनी पॉलिशचं यंत्र सुरू केलं होतं. त्याच्या घरघरीत फोन वाजतच राहिला.

तोच रस्ता होता, पण भोळीला तो ओळखू येईना. मघाशी दिसली नव्हती अशी माणसं आता सगळीकडे दिसत होती, आणि प्रत्येकाला तहान लागलेली होती. एक हमाल ओझं टेकवून घाम पुसत होता. एक बाई कडेवरच्या बाळाला बाटलीने काहीतरी पाजत होती. भोळी तिच्या तोंडापाशी जाऊन बाटलीत डोकावली. दूध होतं. "काय गं बये!" म्हणून ती बाई दचकली, पण भोळी तोवर पुढे गेली होती.

सायकलच्या दुकानात मामा नव्हता. पाना जमिनीवर पडलेला, एक चाक उलटं टांगलेलं. जिन्याखाली खोकं होतं, पिल्लं झोपली होती. भोळीने खोक्याच्या मागे पाहिलं, ट्यूबांच्या ढिगात पाहिलं, तेलकट फडक्यांखाली हात घातला. बाटली नव्हती. मग ती मैदानाकडे धावली.

पिपाणी आणि काडेपेटी कठड्यावर पाय हलवत बसले होते. भोळीच्या तोंडून धड शब्द फुटेना. "ॲसिड," ती म्हणाली, "सरबत... कुणीतरी मरेल."

"नीट सांग," पिपाणी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खरोखर हळू होता.

भोळीने सांगितलं. काडेपेटी कठड्यावरून उडी मारून उभा राहिला. मैदानात मोठ्या मुलांचा खेळ चालला होता आणि कडेला त्यांच्या पाण्याच्या बाटल्यांची रांग होती. त्यातल्याच एका बाटलीत पिवळं काहीतरी होतं. त्याच वेळी एक मिशा फुटलेला मुलगा धापा टाकत आला, त्याने तीच बाटली उचलली आणि तोंडाकडे नेली.

काडेपेटीने विचार केला नाही. विचार करणं हा त्याचा प्रांतच नव्हता. त्याने झेप घेऊन बाटली हिसकावली आणि भिरकावून दिली. बाटली फुटली. भोळी ओल्या मातीपाशी बसून बघत राहिली. माती नुसती ओली झाली, आणि संत्र्याचा वास आला. कागदावर लिंबं नव्हतीच. त्या मुलाने काडेपेटीच्या कानाखाली अशी वाजवली की तो दोन पावलं मागे गेला. एरवी काडेपेटीने आकाशपाताळ एक केलं असतं. आज त्याने गाल चोळला आणि "चल, नळावर बघू" एवढंच म्हणाला.

नळावर बायका बादल्या लावून उभ्या होत्या. बाटली कुणी पाहिली नव्हती. "लिंबाची? असती तर आम्हीच नसती का संपवली!" एक जण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. भोळीला ते हसणं सोसवेना. तिला दिसत होतं ते वेगळंच. कुणीतरी कुठेतरी बूच उघडतंय. कुणीतरी पेला धुतोय. ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली.

"मला नाही आठवत," ती म्हणाली. "मला काहीच नाही आठवत. मी कशी आहे अशी?"

पिपाणी तिच्यासमोर उकिडवी बसली. "तू नको आठवू. आम्ही आठवतो. नळापाशी तू मला भेटलीस तेव्हा बाटली होती. मी विचारलं, काय आहे, तर तू म्हणालीस, सरळ काकांच्या हातात."

"कठड्यापाशीपण होती," काडेपेटी म्हणाला. "मी हात लावायला गेलो तर तू फटका मारलास."

"मग पिल्लं. तू पिल्लू कसं उचललंस?"

भोळीने दोन्ही हातांची ओंजळ केली. नकळत केली. आणि त्या ओंजळीकडे तिघंही बघत राहिली. दोन्ही हातांत पिल्लू म्हणजे बाटली खाली. म्हणजे तिथेच.

"पण मी पाहिलं तिथे. नव्हती."

"म्हणजे कुणीतरी नेली," पिपाणी म्हणाली. मग तिघंही उठून पळाली.

मामा परत आला होता. चाक फिरवत, आऱ्यांवर कान लावून ऐकत बसला होता. धापा टाकणाऱ्या तिघांना पाहून तो हसला. मनाने सोन्यासारखा माणूस.

"आली का आठवण? पायरीवर ठेवून गेलीस ना बाटली? म्हटलं, भोळी पुन्हा विसरली वाटतं. आईसाठी आणली असणार. आत्ताच वर नेऊन दिली तुझ्या आईला."

शिवणखातं त्याच इमारतीत होतं, दुकानाच्या वर, बाहेरून लोखंडी जिना. भोळी आईला छत्री, किल्ली, असलं काही द्यायला नेहमी यायची. ती मघाशी पिल्लांच्या खोक्यापाशी बाटली शोधत होती, तेव्हा मामा तीच बाटली घेऊन तिच्या डोक्यावरचा जिना चढत होता.

"मामा, ते ॲसिड आहे!" पिपाणी किंचाळली. मामाच्या हातातलं चाक सुटून रस्त्यावर घरंगळत गेलं.

भोळी जिन्यावर होती. लोखंडी पायऱ्या दणदण वाजत होत्या आणि वर यंत्रांची घरघर एकसारखी चालू होती. त्या घरघरीत आई होती. सकाळी न जेवता गेलेली. भुकेली, तहानलेली आई. भोळी अर्ध्या जिन्यावर असताना घंटा वाजली आणि एकेक करून सगळी यंत्रं थांबली. चहाची सुट्टी झाली होती. ती शांतता भोळीला यंत्रांच्या आवाजापेक्षा भयंकर वाटली.

दारात मुकादमबाई उभी होती. अंगाने दरवाज्याएवढी. तिने हात आडवा केला.

"पोरांनी आत यायचं नाही. किती वेळा सांगायचं?"

"आई... बाटली..."

"पोचली बाटली. जा आता."

तेवढ्यात काडेपेटी पाठीमागून आला आणि त्याने खाली मुंडी घालून मुकादमबाईच्या पोटात धडक दिली. ती "अगं बाई!" करून एका बाजूला कलली. पिपाणीने तिचा पदर धरून ओढला. तिच्या हाताखालून भोळी आत घुसली.

लांबलचक खोली. दोन्ही बाजूंना यंत्रं, मधे निळ्या कापडाचे गठ्ठे, हवेत कापसाची पिंज. टोकाला खिडकीपाशी बायका गोळा झाल्या होत्या. आईने बाटली चहाच्या सुट्टीपर्यंत पाण्याच्या बादलीत गार करायला ठेवली होती, कारण एकटीने काही खायचं-प्यायचं तिच्या स्वभावातच नव्हतं. आता ती यंत्राच्या फळीवर पेले मांडून ओतत होती. तिचा चेहरा सकाळसारखा नव्हता. ती हसत होती.

"आमच्या घरून आलंय," ती सांगत होती. "बटणआजी, आधी तुम्ही घ्या."

बटणआजी म्हणजे खात्यातली सगळ्यांत म्हातारी बाई. तिला यंत्र चालवणं होत नसे, म्हणून ती कोपऱ्यात बसून बटणं लावायची. जीभ तलवारीसारखी. खात्यातल्या सगळ्या पोरीबाळी तिला वचकून असत आणि भोळी तर तिच्याकडे बघायचीही नाही. आजीने पेला घेतला. आईने दुसरा स्वतःसाठी उचलला.

"पिऊ नको!" भोळी ओरडली. पण आवाज फुटलाच नाही. घशातून नुसती हवा आली. ती धावली. यंत्रांमधून, गठ्ठ्यांवरून, तिचा पाय कापडात अडकला, ती पडली आणि पडता पडताच तिने आईच्या हातावर झडप घातली. पेला उडाला. आईच्या मनगटावर, भोळीच्या दंडावर आणि जमिनीवर ते पाणी सांडलं. जमिनीवर ते फसफसलं. पांढरा फेस उठला आणि सिमेंट चुरचुरायला लागलं.

सगळ्या जणी त्या फेसाकडे बघत होत्या.

मग मागून विचित्र आवाज आला. बटणआजीने पेला टाकून दिला होता. ती दोन्ही हातांनी तोंड धरून वाकली होती आणि तोंडातून थुंकी, लाळ आणि रक्त गळत होतं.

त्यानंतरचं भोळीला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. बादलीभर पाणी. आईचं मनगट त्या पाण्यात, आईचा दुसरा हात भोळीला धरून तिचा दंड पाण्यात दाबत होता. आजीच्या तोंडात पाणी, पुन्हा पाणी. मुकादमबाईने आजीला लहान मुलासारखी दोन्ही हातांवर उचलली आणि जिना उतरली. खाली मामाने रस्त्यात आडवा उभा राहून एक टेम्पो थांबवला होता. तो रडत होता आणि "मी नेऊन दिली हो, मी नेऊन दिली," असं टेम्पोवाल्याला सांगत होता.

बाबा आले ते टेम्पो गेल्यावर. काकांचा फोन त्यांनी शेवटी उचलला होता आणि ते दुकान उघडं टाकून, कातडी एप्रनसकट धावत आले होते. बायकांनी त्यांना वाट दिली. आई खिडकीखाली जमिनीवर बसली होती, मनगटाला ओलं फडकं गुंडाळून. भोळी तिच्या मांडीत तोंड खुपसून बसली होती. बाबांची चप्पल समोर येऊन थांबलेली तिने पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

आई त्यांच्यावर ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही पाठवलंत."

बाबा तिथेच बसले. मग खात्यातल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "पोरीला कुणी बोलायचं नाही. सरबताच्या बाटलीत ॲसिड मी भरलं. मी."

भोळीने हे ऐकलं. पण त्याने तिची भीती तिळभरही कमी झाली नाही. तिला फक्त आजीचं ते वाकणं दिसत होतं.

डॉक्टर म्हणाले, एकच घोट होता, तोही बराचसा थुंकलेला. ॲसिड पाणी घातलेलं होतं म्हणून निभावलं. जीव वाचला. पण ओठ, जीभ आणि घसा भाजला होता. आजीला कितीतरी दिवस नळीने अन्न देत होते. घरी बाबांनी सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या, एकेकीवरचा कागद खरवडून काढला, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून फोडून टाकल्या. काडेपेटीच्या घरी मुकादमबाई स्वतः गेली. आता हा मार खाणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तिने त्याला जवळ घेतलं आणि आपल्या पोटाला झालेली काळीनिळी खूण त्याच्या आईला कौतुकाने दाखवली.

भोळी मात्र बोलेनाशी झाली. रात्री उठून ती स्वयंपाकघरात जायची आणि पाण्याच्या पेल्याचा वास घ्यायची. जेवताना आईने पहिला घोट घेतला की भोळीचा हात तोंडाकडे जाता जाता थांबायचा, आई गिळेपर्यंत. पिपाणी रोज यायची, शेजारी बसायची आणि शाळेतलं सगळं सांगायची. भोळी ऐकते की नाही याची तिने कधी चौकशी केली नाही.

आजीची नळी काढली त्या दिवशी आई म्हणाली, "चल, भेटून येऊ. गार दूध नेऊ त्यांना."

"मी नाही येणार."

"मीपण घाबरलेय," आई म्हणाली. "माझ्या हाताने ओतलं होतं ते. चल, दोघी जाऊ."

दवाखान्याच्या दारात पिपाणी आणि काडेपेटी आधीच उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं. चौघं आत गेली. लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा. टोकाच्या खाटेवर बटणआजी बसली होती. पूर्वीपेक्षा निम्मी झालेली, ओठांवर काळी खपली. तिने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि मग बोटाने भोळीला जवळ बोलावलं.

भोळी जागीच उभी राहिली. काडेपेटीने तिच्या पाठीला हलकेच ढकललं. ती खाटेपाशी गेली.

आईने डब्यातलं दूध पेल्यात ओतलं आणि पुढे केलं. आजीने पेला घेतला नाही. पेल्याकडे ती बघत राहिली, आणि तिने हात चादरीखाली ओढून घेतले. जिला सगळं खातं घाबरायचं ती बटणआजी दुधाच्या पेल्याला घाबरली होती. भोळीने ते ओळखलं, कारण तेच रोज तिचं होत होतं.

"तू," आजी म्हणाली. आवाज कसला, वाळूवर पत्रा ओढावा तशी खरखर. "आधी तू पी."

भोळीने आईकडे पाहिलं. दूध आईने तिच्यासमोर तापवलं होतं, तिच्यासमोर गार केलं होतं. दूधच होतं ते. तरी पेला हातात घेताना तिचा हात असा हलला की थोडं गादीवर सांडलं, आणि सगळेच त्या डागाकडे बघत राहिले. डाग नुसता ओला झाला.

भोळीने डोळे मिटले आणि घोट घेतला. गार होतं, थोडं गोड. तिने गिळलं. आजी तिच्या गळ्याकडे बघत होती.

"अजून एक," आजी म्हणाली.

भोळीने अजून एक घोट घेतला. मग आजीने हात पुढे केला. पेला तिच्या हातात देताना भोळीने तो सोडलाच नाही. दोघींनी मिळून तो आजीच्या ओठांपर्यंत नेला. पहिला घोट गिळताना आजीच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुखत असणार. दुसऱ्या घोटाआधी ती थांबली, श्वास घेतला आणि भोळीकडे डोळे वटारून म्हणाली, "पेला नीट धर. लक्ष कुठाय?"

"इथेच आहे, आजी," भोळी म्हणाली, आणि तिने दुसरा हातही पेल्याला लावला.